कुंचीच्या कडेची हिरवी ओळ

गुरुवार, संध्याकाळ

आईने विणलेली क्रोशाची कुंची सापडली. खडकीच्या क्वार्टर्समधल्या आमच्या जुन्या शेजारी रशीदाभाभींनी दुपारी फोनवर तसं सांगितलं आणि संध्याकाळी स्वतःच घेऊन आल्या. म्हणजे रविवारी बारशाला नातीच्या, मुग्धाच्या लेकीच्या, डोक्यावर तीच.

आईने मुग्धासाठी विणली तेव्हा नुसती पांढरी होती. मग घरोघर फिरली. आता कडेला रंगीत ओळी! शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, तसंच कुंचीचंही. ज्या घरचं बाळ ती घाली, तिथली बाई एक ओळ विणून परत करी. भाभींची हिरवी. किती एकसारखी! सगळा जन्म मजकूर लिहिण्यात गेला, पण अशी एक ओळ जमली का मला? शंकाच आहे.

मुग्धा मात्र अडून बसली. "बाबा, आजीची एवढीच वस्तू उरलीय. आता बाहेर द्यायची नाही."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "ठेव की कपाटात. कपाटाला थंडी वाजत असेल."

त्यांच्या सुनेला आठवा महिना लागलाय, हे मुग्धाला माहीत आहे. बराच वेळ ती त्या हिरव्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकू, सुई धरायची कशी?"

भाभी उद्या सुई-दोरा घेऊन येणार आहेत. मुग्धाची ओळ वाकडी होणार, हे नक्की. बारशानंतर कुंची त्या वाकड्या ओळीसकट खडकीला जाईल, असं दिसतंय.