न धुतलेल्या बंडीविषयी

मु. अकलोली, ता. भिवंडी
संक्रांतीनंतरचा गुरुवार, २००७

तीर्थरूप लडकूमामांच्या पायांशी भाचा धनेश याचा मानकोलीहून आणलेला आणि अकलोलीत ठेवलेला साष्टांग नमस्कार.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला वाचायला बंदी आहे, त्यामुळे हे पत्र नेत्राताईच वाचून दाखवणार हे मी धरूनच चाललोय. म्हणून आधी तिला एक सूचना. (नेत्राताई, कंसातलं सगळं मनातल्या मनात वाच आणि वाचताना चेहरा हसरा ठेव. मामांच्या डोळ्याला ताण नको, रडणं नको, रागानं मान झटकणंही नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे खरी हकीकत त्यांना सांगायची सोय राहिली नाही. तुला फोनवर गाठावं, तर घंटी पुरती वाजायच्या आत मामाच उचलतात. तेव्हा एकाच कागदावर दोन पत्रं लिहितोय. उघड्यावरचं तुझ्या वडिलांना, कंसातलं तुला.)

मामा, डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? नाशिकची थंडी बाधत नाही ना? मफलर कानावरून घ्या, नुसता गळ्यात मिरवू नका. इकडे सर्व क्षेम आहे. मामी उत्तम. तिचा निरोप असा की, "त्यांना सांग, घाई करू नका. घर कसं निवांत हाय. कुणी खोकत न्हाय, कुणी घडीघडी चहा मागत न्हाय." हाच निरोप ती मला रोज सकाळी नव्यानं देते, म्हणून लिहितो. आता तुम्ही पुटपुटत असाल की मामीचं राहू दे, काजळीचं सांग. तर ऐका. तुमची काजळी म्हैस सुखरूप व्याली. रेडी झाली आहे, आईसारखीच काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मायलेकींचं एकमेकींवरचं प्रेम पाहून गोठ्यात जमलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते मिरच्यांच्या धुरानं आलं, ते पुढे येईलच. नेत्राताई, रेडकू जिवंत आहे एवढं आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुझा चेहरा हसरा राहायचा नाही. पण त्याचं जगणं सध्या एका मळक्या बंडीवर टांगलेलं आहे. रेडकू दगावलं तर काजळी आटणार, आणि काजळी आटली तर मामांचं काय होईल ते तुला सांगायला नको. तू सासरी निघालीस तेव्हा हा माणूस मांडवात उभा राहून पंगतीला आमटी पुरेल का ते विचारत होता. काजळीला खुरकत झाली तेव्हा मात्र दोन दिवस जेवला नाही.)

मी आलो त्याच दिवशी काजळीनं माझं स्वागत फार आपुलकीनं केलं. जवळ आली, मला वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि मोठ्यानं फुरफुरली. (आणि पाठ फिरवून उभी राहिली, ती राहिलीच. यात माझा काय दोष? मी मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर. साबण, टाल्कम पावडर आणि अत्तराच्या बाटल्या यांच्या खोक्यांत माझा जन्म चाललाय. आमच्या गोदामातला माणूस बसमध्ये चढला की बायका वळून बघतात आणि मग खिडकी उघडतात. काजळीला खिडकी नव्हती म्हणून तिनं पाठ फिरवली. मामी तर तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही, तिला सवत म्हणते. म्हणून तर रजा काढून मला यावं लागलं.) तुम्ही फोनवर म्हणालात त्याप्रमाणे मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. तुमचा आवाज तिनं शांतपणे ऐकून घेतला. (तिनं मोबाइल हुंगला, त्यात मामा नाहीत अशी खात्री करून घेतली आणि वैरणीकडे वळली. तिकडे मामा दहा मिनिटं एकटेच बोलत होते. मी मध्ये मध्ये हुंकार भरले, ते काजळीचे समजून ते सुखावले. हे त्यांना कधीच कळू देऊ नकोस.)

शेजारच्या चिंधूच्या रेड्याची तब्येतही छान आहे. मीच त्याच्याकडे लक्ष दिलं. (लक्ष कसलं, जिवावर बेतलं होतं. काजळी मुतून गेली की हा रेडा त्या जागेवर नाक लावायचा आणि मग वरचा ओठ उलटा करून, हिरड्या दाखवत, आभाळाकडे बघत राहायचा. मला वाटलं दाढ दुखतेय बिचाऱ्याची. मला स्वतःला दाढेचा त्रास आहे, त्यामुळे दया लवकर येते. लवंगेच्या तेलाचा बोळा घेऊन मी त्याच्या हिरडीला लावायला गेलो. त्यानं मला थेट गरम पाण्याच्या कुंडापर्यंत सोबत केली आणि मी कपड्यांसकट आत. आंघोळीला आलेले पाहुणे म्हणाले, काय श्रद्धा आहे. मानेपर्यंत पाण्यात बसल्यावर मला तुझं बोलणं आठवलं. दिवाळीत तू फराळ करता करता सांगत होतीस की जनावराच्या टाळूवर आणखी एक नाक असल्यासारखं असतं, ओठ वर करून ते वास तिथवर पोचवतं. कुठली मादी, कुठल्या दिवसांत, हे सगळं त्याला त्यातून कळतं. आणि हे वर्तमान मेंदूत विचार करायच्या खोलीत थांबतच नाही, थेट जिथे माया, भीती आणि मस्ती असते तिथे जातं. त्या वेळी मी म्हटलं होतं, ताई, चकली घे. तू शिकवतेस त्या पोरांनी तरी लक्ष दिलं असेल अशी आशा आहे.)

आता बाळंतपणाची हकीकत. सकाळी उन्हं वर आल्यावर काजळी व्याली. मामी गणेशपुरीच्या बाजाराला गेली होती, पण मी आणि बाळंतपणाला बोलावलेल्या राहीबाई हजर होतो. राहीबाईंचा हातगुण तुम्हाला ठाऊकच आहे. रेडकू बाहेर आलं, मी त्याची सगळी व्यवस्था पाहिली. थंडी होती, म्हणून त्याला कुंडाच्या गरम पाण्यानं छान आंघोळ घातली. (इथे घात झाला. काजळी त्याला चाटायला वळली एवढ्यात मी ते उचललं. राहीबाई चहा ठेवायला घरात गेल्या होत्या. आपल्या घरात बाळंतिणीला आणि बाळाला कुंडाचंच पाणी घालतात, तुलाही घातलं होतं, मलाही घातलं होतं. मी म्हटलं, रेडकानं काय घोडं मारलंय. त्या पाण्याला गंधकाचा वास येतो, म्हणून वरून गोदामातला गुलाबाचा साबण लावला. साबणानं अंग कोरडं पडतं, म्हणून पावडर थापली. कपाळाच्या ठिपक्यावर काजळाचं बोट. मग ते गुलाबी-गंधकी बाळ आईपुढे ठेवलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. काजळीनं एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं आणि अशी ढुशी दिली की रेडकू आणि मी दोघंही शेणात.)

राहीबाईंनी मग थोडे पारंपरिक उपचार केले. (त्या म्हणाल्या, "जिच्या अंगावरचं पाणी, तिचंच पोराला चोळ. वार कुठं हाय? खालचा पेंढा कुठं हाय?" रेडकामागून पडलेली वार मी खोल पुरली होती आणि पेंढा जाळला होता. स्वच्छतेच्या बाबतीत मी गोदामातही कुणाचं ऐकत नाही. "आता तुझं डोकं चोळू का?" असं विचारून त्या आत गेल्या आणि मीठ-मिरच्या घेऊन आल्या. त्यांचं मत पडलं, नजर लागली. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. आम्ही सगळे शिंकलो, काजळी सगळ्यांत मोठ्यानं. मग रेडकाच्या पाठीला गूळ आणि कोंडा चोळला. काजळी आली, तिनं सगळा गूळ चाटून घेतला, पाठ लख्ख केली, आणि पुन्हा ढुशी दिली. गूळ खाऊन उपकार विसरणारे पाहुणे मी पाहिलेत, पण इतक्या लगेच नाही.)

काजळीला पान्हाही वेळेवर आला. (आला नाही. सड घट्ट, दूध वर चढवून उभी. धार काढायला राहीबाई गेल्या, मी गेलो तर पायच उचलला. चिंधूनं त्याच्या म्हशीचं थोडं दूध दिलं, ते बाटलीनं पाजलं, पण आईचा चीक पोटात गेल्याशिवाय रेडकू तग धरत नाही हे मलाही माहीत आहे. दिवाळीला तू मेंढीचं सांगितलं होतंस, की व्याल्यावर थोडाच वेळ तिच्या मेंदूचं एक दार उघडं असतं. तेवढ्यात ज्याचा वास आत गेला ते माझं, बाकीचे परके. मग दार बंद. मला ते दार बंद होताना दिसत होतं आणि रेडकू माझं बोट चोखत होतं. ताई, थट्टा बाजूला. त्या वेळी मला फार वाईट वाटलं. त्याची काहीही चूक नव्हती. त्याला फक्त स्वच्छ केलं होतं.)

पण काळजी नसावी, तुमची बंडी कामाला आली. (गोठ्यातल्या खुंटीवर मामांची धारेच्या वेळची बंडी राहिली होती. ते नाशिकला गेले त्याच दिवशी मामीनं घरातला त्यांचा कपडा न् कपडा धुऊन टाकला, पण ही तिच्या नजरेतून सुटली, कारण ती गोठ्यात पाऊल टाकत नाही. माझे कपडे शेणानं ओले, मी कुडकुडत होतो, म्हणून मी ती अंगात चढवली. वास असा होता की माझंच दार बंद झालं असतं. घाम, तंबाखू, शेण, दूध आणि कित्येक वर्षांचे मामा. काजळीची मान वळली. ती माझ्या बगलेपाशी नाक खुपसून किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. तिचे डोळे अर्धे मिटले आणि सडांतून थेंब पडायला लागले. मी जागचा हललो नाही. चीक काढला, रेडकाला पाजला. मग डोक्यात आलं ते केलं. बंडी उतरवली आणि रेडकाला घातली, पुढचे दोन पाय बाह्यांतून बाहेर. काजळीनं हुंगलं. फुरफुरली नाही. पुन्हा हुंगलं, बंडीवरून जीभ फिरवली, मग बंडीच्या कडेनं जीभ आत घातली आणि खालचं अंग चाटायला लागली. रेडकू लडखडत गेलं आणि लुचायला लागलं. मामी तोवर बाजारातून येऊन कधीची दारात उभी होती. ती म्हणाली, "तिला त्यांचाच वास लागतो. माझा चालत न्हाय." आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेली.) तेव्हापासून रेडकू तुमची बंडी घालून गोठ्यात बागडतं. गाव त्याला लडकूशेठ म्हणतं. ते मादी आहे हे मी सांगून थकलो.

(आता अडचण. परवापासून बंडी सापडत नाही. सकाळी दोरीवर वाळत घातली होती, धुतली नव्हती, दव लागलं होतं म्हणून नुसती टांगली होती. मी कुत्र्यांना शिव्या दिल्या, चिंधूच्या पोरांना दटावलं, नदीपर्यंत शोधून आलो. बंडी नाही म्हटल्यावर काजळी पुन्हा बिथरली. रेडकाला जवळ घेते, हुंगते, गोंधळते, दूर होते. तूर्त मामा धारेला बसायचे ते गोणपाट रेडकाच्या पाठीवर बांधलंय. त्यावर अर्धा पान्हा मिळतो. मामांचा तो भाग सर्वांत जास्त वापरलेला असणार, तरी अर्धाच. आणि तुझ्या शास्त्राला एक प्रश्न: मेंढीचं ते दार म्हशीत पुन्हा किलकिलं होतं का? पुस्तकात नसेल तर माझं नाव घालून लिही.)

बाकी विशेष काही नाही. चिंधू, राहीबाई सगळे आठवण काढतात. तुम्ही डोळ्यांत औषध वेळेवर घाला आणि नेत्राताईच्या घरी म्हशीवाचून जीव रमवा. तुमच्या गोठ्याची धुरा तुमच्या भाच्याच्या खांद्यावर आहे. तेव्हा निर्धास्त झोपा, निदान चांगल्या डोळ्यानं तरी. हे पत्र बाळाराम टेम्पोवाला आणून देईल. तो मानकोलीहून माल भरून नाशिकला येतोय, रविवारी परत निघेल.

तुमचा आज्ञाधारक,
धनेश

ता. क. मामा, एक बारीकसं काम राहिलंच. बाळाराम परत येताना त्याच्याबरोबर तुमच्या अंगातली एक बंडी पाठवा. नवी नको, घडीची नको. निदान चार दिवस घातलेली हवी, आणि धुवायची नाही, पाण्याचा थेंबही लावायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. थंडी फार आहे आणि रेडकाला तुमच्या जुन्या बंडीची सवय झालीय, एवढंच कारण. (नेत्राताई, मशीनपाशी पहारा ठेव. आणि पिशवीवर अत्तर मारून पाठवण्याचा शहाणपणा कुणी करू नये.)

ता. क. दुसरा. मामा, हे कंसात घालणार होतो, पण उघडच लिहितो. पाकीट चिकटवायला खळ हवी होती, म्हणून आत्ता मामीच्या खोलीत गेलो. मामी कुंडावर गेली आहे. फडताळात खळ सापडली नाही, म्हणून अंथरुणाशी बघितलं. परवापासून हरवलेली तुमची बंडी सापडली. मामीच्या उशीखाली होती, नीट घडी करून, बाह्या आत दुमडून. मी उशी होती तशी ठेवली आणि बाहेर आलो. रेडकाचं गोणपाटावर रविवारपर्यंत भागेल. पण बंडी एक नको, दोन पाठवा.