लाल अस्तर

ती. ताईस,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच का, ते खाली येईल, मी मुद्द्यावर उशिरा येतो हे तुला ठाऊक आहे.) तुझ्या उलट्या थांबल्या का? की भावोजी अजून स्वयंपाक करतात? चार दिवस झाले, लिहायला बसतो, पेन्सिलीला टोक काढतो आणि टोकच काढत राहतो.

रविवारी तुझी छोटी खोली रंगवायला येणार होतो. पिवळा कालवूनही ठेवलाय (लोक म्हणतात बाळाला फिका हवा, पण फिका पिवळा आजारी दिसतो, असो). ते आता जमणार नाही. झालं असं, की आम्ही एका बालवाडीच्या खिडक्यांचे गज रंगवत होतो. गंज धरू नये म्हणून गजांना रंगाच्या आधी लाल अस्तराचा हात देतात. संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, तोंड धू, अस्तर उडालंय. धुतलं, जाईना. मग त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मलाच घासायला घेतलं. जो माणूस भिंतीवरचा डाग सोडत नाही, तो मला काय सोडणार? गाल सोलवटले, ठिपके मात्र मानेवरून पोटाकडे उतरले. शर्टाच्या आत अस्तर कसं उडालं, यावर त्यांनी मला बराच वेळ फैलावर घेतलं. कानामागच्या गाठी हाताला लागल्या तेव्हा कुठे बोळा खाली ठेवला.

डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, रुबेला. बारीक ताप, ठिपके, आठवड्यात बरा. मी खूश. उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला दिवस गेलेत का?" मी नाही म्हणालो, कारण मी राहतो मिस्त्रींकडे आणि घरात आम्ही दोघेच. अर्धा जिना उतरलो आणि तुझ्या उलट्या आठवल्या. परत वर गेलो.

ताई, ज्या हलक्या दुखण्यात मला धड कण्हायलाही जमत नाही, तेच पहिल्या तीन-चार महिन्यांत आईला झालं, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय कायमचं अधू करू शकतं. शिवाय ठिपके उठायच्या आधीपासूनच ते खोकल्या-शिंकांतून पसरतं. दीड महिना मी तुझ्याकडे फिरकलो नाही. माझ्या आळसाचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला.

तुझा,
भटक्या

ता. क. खरं लिहायचं होतं ते राहिलंच. तुझी रक्ततपासणी करून घे, अंगात रुबेलाला अडवणारी ताकद आहे की नाही ते कळतं. नसेल तर लस आत्ता पोटुशीपणी देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात; तोवर ताप-पुरळवाल्यांपासून लांब राहायचं. आई म्हणते, तुम्हा दोघांना लहानपणीच सगळ्या लसी दिल्यात. मलाही दिल्यात म्हणे. माझं तोंड बघून काय ते ठरव.

ता. क. दुसरा. तोंड बघू नकोस. दार वाजतंय आणि खोकून हाक मारायची ती पद्धत तुझीच आहे. मिस्त्रींनी निरोप धाडला असणार, धाकटा आजारी म्हणून. का आजारी ते सांगायचं राहिलं असेल. मी दार उघडणार नाही. रागाव, शिव्या दे, पण हा कागद दाराखालून सरकवतोय तो उचल आणि खाली रस्त्यावर जाऊन वाच. मी खिडकीत उभा राहतो.