आडवं पडून निवडलेली जागा

तीर्थरूप मामांना,

लांबूनच, पण पूर्ण वाकून नमस्कार. (वाकलो की कमरेत चमक भरते, तरी वाकलो. चमक कशाने भरली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे, डोळ्यांतून पाणी यायचं थांबलं का, आणि मुख्य म्हणजे झोप लागते का? मामीने मागच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्ही अजूनही या कुशीवरून त्या कुशीवर करता आणि दुकानातल्या घड्याळांची टिकटिक ऐकत पडता, आणि एखादं मागे पडलं तर उठून त्याला रांगेत आणता. मामीला नमस्कार, तिच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. मी खुशाल आहे. हे वाक्य मी दर पत्रात लिहितो, पण या खेपेला ते खरं आहे, म्हणून जरा सावकाश वाचावं.

पाकीट बघूनच तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असेल आणि मामीला म्हणाला असाल, सुटली वाटतं याची नोकरी. तुमचं चुकत नाही. पावाच्या भट्टीवरून पत्र आलं तेव्हा सुटली होती, छापखान्यातून आलं तेव्हाही सुटली होती, आणि होडीवरून पत्र आलंच नाही, मीच आलो होतो. दर ठिकाणी तुम्ही शब्द टाकलात आणि दर ठिकाणी मी तो पाडला. शेवटी तुम्ही दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, हातातलं घड्याळ खाली ठेवून म्हणालात की या पोराला एका जागी बसवणारा अजून जन्माला यायचाय, आणि यापुढे मी कुणाकडे शब्द टाकणार नाही. मला राग आला नाही. (आला होता, पण गाडीत बसेपर्यंत उतरला.) ही गादीच्या कारखान्यातली नोकरी मात्र माझी मी मिळवली, आणि तीसुद्धा तुम्ही ज्याला माझी खोड म्हणता तिच्याच जोरावर. ते कसं, हे मी तुम्हाला आजवर कळवलं नव्हतं, कारण तुम्ही हसला असतात. आता हसा.

माझं काम गादीवर पडायचं. तयार गादी आली की तिच्यावर दहा मिनिटं आडवं पडायचं, तुम्ही दिलेलं घड्याळ छातीवर ठेवायचं, आणि कुठे गाठ लागते, कुठे खड्डा आहे, कुठली स्प्रिंग कुरकुरते ते सांगायचं. चांगली असेल तर निळ्या खडूने बरोबरची खूण. नापास असेल तर चारी कोपऱ्यांवर फुली. माझ्या आधी या कामावर एक गुबगुबीत सद्गृहस्थ होते, ते दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागायचे आणि सगळ्या गाद्या पास करायचे. मालकांचं म्हणणं असं की ज्याला दगडावरही झोप लागते त्याला गादी काय कळणार. त्यांना चुळबुळ्या माणूस हवा होता. मी मुलाखतीला गेलो तेव्हा खुर्चीवरून सहा वेळा उठलो, दोनदा खिडकीशी जाऊन आलो, आणि मालकांनी तिथल्या तिथे मला घेतलं. म्हणाले, हा ज्या गादीवर दहा मिनिटं टिकेल तिच्यावर जगातला कुणीही झोपेल. कारखान्यात मला सगळे ‘पडीक’ म्हणतात, पण प्रेमाने. दहा महिने झाले, मामा. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यांत जास्त टिकलेली नोकरी आहे, आणि ती मी आडवं पडून केली.

तर झालं असं की मालकांना दोन महिन्यांपूर्वी एक साक्षात्कार झाला. शहरातली माणसं हल्ली सुटीत रानात जाऊन तंबूत जमिनीवर झोपतात आणि वर त्याचे पैसे देतात, आणि आपण इथे त्यांना गाद्या विकत बसलोय, हे त्यांच्या जिवाला लागलं. (खरं तर मालकीणबाईंच्या मैत्रिणीने असा मुक्काम केला होता आणि तिची पाठ धरली होती. तेव्हा ‘तंबू, पण आत आपली गादी’ ही कल्पना बाईंची. मालक ती आपली म्हणून सांगतात आणि बाई सांगू देतात.) इथून चार तासांवर डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल आहे. जंगल खात्याने मालकांना नकाशावर तीन जागा दाखवल्या. यांतली एक निवडा, शनिवारपर्यंत सही करा, एकदा सही झाली की बदल नाही. मालकांचा जीव पहिल्या जागेवर, कारण तिथे झरा. बाईंचा दुसरीवर, कारण ती उंचावर आणि तिथून सगळी दरी दिसते. तिसरीवर कुणाचाच जीव नव्हता, तिथे काही म्हणजे काही नव्हतं, नुसती झाडं. घरात आठवडाभर यावरून अबोला चालला, आणि शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं की हे पडण्याचं काम आहे तर पडीकला पाठवा. मालकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की चुकीची जागा निवडलीस तर माझे पैसे आणि माझा संसार दोन्ही बुडाले असं समज. मी समजलो. खडू खिशात टाकला आणि निघालो.

गाडी कारखान्याच्या ड्रायव्हरची. हा माणूस बोलत नाही, जे काय म्हणायचं ते हॉर्नवर म्हणतो. त्याने मला जंगलाच्या कडेला उतरवलं आणि एकदा वाजवला, म्हणजे लवकर ये. पहिली जागा दिसायला इतकी सुरेख की मी पडण्याआधीच पास करणार होतो. पण नियम म्हणजे नियम. पडलो, घड्याळ छातीवर. गवत मऊ, पण खालून हळूहळू पाठ ओली व्हायला लागली. आणि झऱ्याच्या त्या अखंड आवाजाने दहा मिनिटांत मला तीन वेळा उठावं लागलं. (कशासाठी ते मामीला वाचून दाखवू नका.) तिसऱ्या वेळी झुडपाशी उभा असताना दिसलं की झुडपांत काटक्या नि कचरा अडकलाय, तो माझ्या कमरेच्या उंचीवर. म्हणजे हा झरा आज पायाशी आहे, पण मनात आलं तर कमरेपर्यंत येतो. नापास. आता जमिनीला चार कोपरे कुठून आणणार, म्हणून मी भोवतीच्या झाडांवरच फुल्या मारल्या. नऊ झाडं. दुसऱ्या जागेवरून दरी खरंच छान दिसते, पण मी पडलो एका ठिकाणी आणि सातव्या मिनिटाला होतो दुसऱ्या ठिकाणी. उतार डोळ्यांना कळत नाही, पाठीला कळतो. गडगडत गेलो तो एका खडकाने मला कमरेत झेललं. (हीच ती चमक.) त्या खडकावर फुली मारली आणि रागाच्या भरात आजूबाजूच्या दहा झाडांवरही.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला की या फुल्यांचा हुकूम कुणाचा. वळून बघतो तर वनरक्षक बाई. तुमच्याहून थोड्या लहान असतील, अंगाने माझ्या दीडपट, सोबत एक खेचर, त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे. मला वाटलं मला कुणी पाठवलं ते विचारतायत. मी म्हटलं मालकांचा हुकूम, ही जागा नापास आहे. बाई म्हणाल्या, “नापास? थांब, तुला पास करते मी.” मग कळलं की जंगलात झाडावर फुली म्हणजे हे झाड तोडा. सोमवारी तोडणारे येणार होते आणि ते फुली बघतात, कुणी मारली ते विचारत नाहीत. मी माझ्या अक्कलहुशारीने एका सकाळी एकोणीस झाडांना फाशी सुनावली होती, गाद्यांच्या खडूने. मी खिशातला रुमाल काढून पुसायला लागलो, तर आमचा खडू तेलकट, खोळीवरून निघू नये म्हणून मुद्दाम तसा केलेला. बाईंनी मला बादली दिली, घासायचा ब्रश दिला आणि खेचर दिलं. “गादीवाल्या, सालीला ओरखडा दिसला तर तुझी साल काढीन.” एकोणीस झाडं मी धुतली, मामा. कमरेत चमक, हातात ब्रश. झाडाला आंघोळ घालताना त्याच्याशी ओळख होते हे मला माहीत नव्हतं. आठव्या झाडापासून मी त्यांची माफी मागायला लागलो. बाई दुरून बघत होत्या. पंधराव्याला त्यांनी स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव आणि उकडलेलं अंडं माझ्यापुढे ठेवलं.

सगळं धुऊन झालं तेव्हा ऊन कललं होतं आणि तिसरी जागा बघायची राहिली होती. माझा पाय उचलत नव्हता. जागा म्हणजे दोन टेकड्यांच्या मधली एक साधी सपाटी, वर झाडांचं छप्पर, खाली वाळलेल्या पानांचा थर. दृश्य नाही, झरा नाही. मी सगळीकडे बारकाईने निरीक्षण केलं, जमीन हाताने दाबून बघितली, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि बऱ्याच विचाराअंती एक नेमका तुकडा निवडून तिथे पडलो. (शेजारी बाईंचं खेचर होतं, ते सोडा.) घड्याळ छातीवर ठेवलं. नंतर घड्याळ बघितलं तर तीन तास दहा मिनिटं. पहिल्यांदा मी तुमच्या घड्याळावर संशय घेतला, त्याबद्दल माफी असावी. पण सावलीसुद्धा तेच सांगत होती. मी दिवसाढवळ्या झोपलो होतो, एका कुशीवर, न हलता. ड्रायव्हर खाली तासभर हॉर्न वाजवत होता, आणि तिथे त्यातला एकसुद्धा ऐकू आला नाही. बाई म्हणाल्या, मी तीनदा जवळून गेले, वाटलं मेलास, मग म्हटलं मेलेला माणूस इतका खूश दिसत नाही.

मालक आणि मालकीणबाई दोघंही शुक्रवारी स्वतः आले. बाई हाताची घडी घालून म्हणाल्या, इथून काही दिसत नाही. मालक चांगला कोट घालून पानांवर पडले, नुसतं बघतो म्हणाले, आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. बाईंनी हाताची घडी सोडली. मग हळूच म्हणाल्या, बावीस वर्षांत हे पहिल्यांदा हिशेब न बोलता झोपले. शनिवारी सही झाली, तिसऱ्या जागेवर.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण त्या झोपेने माझं वाटोळं केलं. मी परत येऊन गादीवर पडलो आणि झोपलो. दुसरीवर झोपलो. गाठीवर झोपलो, खड्ड्यात झोपलो, कुरकुरणाऱ्या स्प्रिंगवर तर अंगाई ऐकल्यासारखा झोपलो. पंधरा दिवसांत मी एकही गादी नापास केली नाही आणि दुकानांतून सहा परत आल्या. मालकांनी बोलावलं. मी खुर्चीवर बसलो आणि बसूनच राहिलो, एकदाही उठलो नाही. त्यांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, तुझी चुळबुळ गेली रे, तू आता माझ्या कामाचा नाहीस. पण माणूस भला आहे. तिसऱ्या जागेवर तंबू सांभाळायला कुणीतरी बारा महिने राहायला हवाय, तिथे मला ठेवायला ते तयार आहेत. काम म्हणजे तंबू उभे करायचे, पाणी आणायचं, लोकांना झाडांवर काही लिहू द्यायचं नाही. (याबाबतीत माझ्याइतका कडक माणूस त्यांना मिळणार नाही.) मला ते हवंय, मामा. मला आजवर कुठलीही जागा सोडावीशी वाटायची. ही पहिली जिथे परत जावंसं वाटतं.

बाकी सर्व ठीक. मामीच्या गुडघ्याला जपा. तुमच्या खुर्चीचा डावा पाय हलतो, त्याखाली पुठ्ठा घाला.

तुमचा, सध्या स्वस्थ बसलेला,
भाचा

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मालकांनी माझ्या आधीच्या नोकऱ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाले, घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र आण, की हा पोरगा एका जागी राहील. वडीलधारं माणूस म्हणजे तुम्हीच. तुम्ही शब्द टाकणार नाही म्हणाला होतात आणि तुम्ही खोटं लिहीत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून मी खूप आठवून बघितलं आणि एक खरी गोष्ट सापडली. मी सात वर्षांचा असताना तुम्ही एक बारकं घड्याळ उघडलं होतं आणि त्याची केसाएवढी स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला होतात, हलू नकोस. मग गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही विसरलात. मी दुपारभर हात तसाच धरून बसलो होतो. तेवढं एक लिहिलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. तुमचं पत्र निघालंय असं मी मालकांना सांगून टाकलंय. तेव्हा उद्याच्या टपालाने पाठवा. आणि उन्हाळ्यात तुम्ही दोघं या. घड्याळं दुकानातच ठेवून या, आठवडाभर मागे पडली तर पडू देत. तुमच्यासाठी झाडाखालचा तंबू राखून ठेवतो. तुमची झोप मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे.

ता. क. तिसरा. तुमच्याकडून खरं मागतो तर मीही खरं सांगावं. ती जागा मी निवडली नाही. निरीक्षण, वारा, जमीन दाबून बघणं, असं काही झालं नाही. मी दमून आलो तेव्हा वनरक्षक बाईंचं खेचर तिथे आधीच आडवं पडलं होतं. बाई म्हणाल्या, ते रोज तिथेच पडतं, दुसरीकडे कुठेही बसत नाही. मी त्याला जरा सरकवलं आणि त्याच्या उबेत पडलो. हे मालकांना अजून माहीत नाही. तर मामा, मला एका जागी बसवणारा, तुम्ही दुकानात म्हणाला होतात तो, जन्माला आलेला आहे. वय सहा वर्षं, उजवा कान थोडा फाटलेला, स्वभावाने शांत. पत्रात त्याचाही उल्लेख केलात तर माझी हरकत नाही.