दुसरीच्या आवाजात

७ एप्रिल

आज दुपारी संध्याचा आवाज ऐकला आणि माझं सगळं बदललं! एवढंच लिहून झोपणार होतो. नाही जमत.

'हजेरी' ब्लॉगची पद्धत ठरलेली — ज्या मुलीचं शिक्षण बंद केलंय तिने फोनवर आपलं सांगायचं, दुसऱ्या मुलीने ते शब्दाला शब्द आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं, मी टाइप करून लावायचं. बापाने, भावाने ऐकलं तरी ओळखता येऊ नये. मलाही नाव कळत नाही, गाव कळत नाही. नियम माझाच. वर्षभर मान खाली घालून टाइप करतोय.

आज रेकॉर्डिंग संध्याने केलेलं. ती मूळची पेठकडची, नाशिकला नर्सिंगच्या हॉस्टेलवर असते. भेट तीनदाच. पण मी कधीचाच गेलोय कामातून!

ती म्हणत होती — "घरातले चांगले आहेत. कोणी मारत नाही. मी चालते तेव्हा आवाज होत नाही. एक जण टेबलाशी बसून मुलींच्या हक्कांबद्दल लिहितो. मी त्याच्या पाठीमागे उभी राहते. तो वळत नाही."

नियम गेला खड्ड्यात. हे तिचेच शब्द. दुसरीचं सांगताना कुणाचा गळा असा दाटतो? आणि टेबलाशी बसणारा — तो मी! मनाने ती माझ्या मागे उभी असते. असंच ना?

८ एप्रिल

नोंद लावली. खाली कॉमेंटवर कॉमेंट. एक जण — "दुसऱ्यांच्या मुली मोजता, तुमच्या घरातल्या बायका कुठायत ते लिहा." असा धुतला त्याला! मग लक्ष गेलं, हाताशी चहा. गार, साय धरलेला. कधी आला, कोणी ठेवला, पत्ता नाही.

११ एप्रिल

दुसरं रेकॉर्डिंग. संध्याच.

"आज त्याने निळा शर्ट घातलाय. कॉलरचं बटण लोंबतंय. लिहिताना सारखं चाचपतो."

माझं बोट बटणावरच होतं.

खुर्ची ढकलून उठलो. खिडकी बघितली — उन्हात गल्ली ओस. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. वहिनी मोरीत कपडे भिजवत होती. तिला विचारलं, "कोणी आलं होतं का?" तिने मान हलवली. आमची वहिनी बोलतच नाही फारसं. लग्नाला वर्ष होईल आता.

देवळाली कॅम्पातल्या या घरात, नाशिकला हॉस्टेलवर बसलेल्या मुलीला माझं बटण कसं दिसतं?

१२ एप्रिल

पाठ भिंतीला टेकवून लिहितोय. आई म्हणाली, "शेखर, असं का रे बसतोस, भूत पाहिल्यागत?"

१५ एप्रिल

तिसरं —

"बाहेर जाताना तो कडी घालतो. आत माणूस आहे हे त्याला माहीत असतं. तरी घालतो. कोणी त्याला काही म्हणत नाही, मीही नाही. चोवीसला माझा पेपर आहे."

कडी! डोकंच फिरलं. संध्याला कोंडतात? कोण हरामखोर? गाडी काढली ती थेट हॉस्टेलच्या गेटला. वॉचमनशी भांडलो. गेटवर हा तमाशा, तेवढ्यात संध्या आली — पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, कैरी खात.

"काय रे, कोण मेलं?"

"तुला कोंडतात. मला कळलंय सगळं!"

"मला? मला कोण कोंडणार, मी आत्ता ड्युटीवरून येतेय." हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "ते माझं नाय, शेखर. मी फक्त बोलले."

"पण तुझा गळा —"

"दाटला. ती सांगतच तशी होती. तू नुसता आवाज ऐकतोस रे. काय म्हणतेय तेही ऐक की जरा!"

"कोण आहे ती?"

"नाव नाय सांगणार. नियम तुझा." कैरीची कोय तिने लांब भिरकावली. "मला एवढं सांग, आज घरातून निघताना कडी कोणी घातली?"

गाडी तशीच घराकडे वळवली.

दाराला कडी होती. सकाळी मीच घातलेली. आमच्याकडे तशीच रीत — नवी सून घरात एकटी, भलतंसलतं कोणी शिरायला नको, म्हणून जाणाऱ्याने बाहेरून कडी घालायची. आई घालते, दादा घालतो, मी घालतो. त्यात काही वाटलं नव्हतं कधी.

उघडलं. उज्वला वहिनी तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"वहिनी, पेपर कसला?"

सूप हलत राहिलं. मग थांबलं.

"अर्थशास्त्र. बी.ए.चा तेवढाच राहिलाय. हळदीच्या दिवशी होता."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं की. तीनदा."

तिचा स्वतःचा आवाज जाडसर आहे. वर्षभर एका घरात राहून हे मला आज कळलं.

१६ एप्रिल

दादाशी भांडलो. दुकानातून आला तसा धरलाच त्याला. तिचा पेपर अडवलास, कडी घालतोस, लाज नाही वाटत!

दादा चपला काढत म्हणाला, "तू सरांशी भांडून इंजिनिअरिंग सोडलंस. आता हिला पदवीधर करतोस? आधी स्वतःचं बघ. पेपर पुढच्या वर्षी."

हात उगारला मी त्याच्यावर! आई मध्ये पडली.

नंतर वहिनी ताट उचलायला आली, हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही ओरडलात की तुमचं मन मोकळं होतं. मला मात्र उद्यापासून दुकानात आईंच्या नजरेसमोर बसावं लागेल. लिहू नका माझ्यावर. चोवीसपर्यंत गप्प बसाल का? एवढंच करा."

१८ एप्रिल

तिन्ही नोंदी ब्लॉगवरून काढल्या. वाचणारे चिडले — घाबरलास का? जीभ चावून बसलोय.

२१ एप्रिल

दादाची माफी मागितली. खोटी! तो म्हणाला, "आला बाबा ताळ्यावर." वहिनी आजपासून परत घरात. मीच कडी घालून बाहेर गेलो.

हॉल तिकीट संध्याने काढून ठेवलंय. तिचा मेसेज — "आता ऐकायला लागलास." दहा वेळा वाचला.

२४ एप्रिल

स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर लिहितोय.

आई आणि दादा दुकानात गेले. शेजारच्या कुसाबाई भाजीच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होत्या, तेवढ्यात वहिनी मागच्या बोळातून निघाली. कोपऱ्यावर संध्या रिक्षा घेऊन उभी.

मी मोरीतला नळ बारीक सोडला. खाली पातेलं उपडं घातलं. ठण ठण ठण.

दादाचा फोन. "ती आहे ना घरात?"

"भांडी घासतेय." फोन मोरीकडे धरला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं. निघताना कडी घाल."

भिंतीपलीकडून कुसाबाई, "उज्वला, किती घासशील ग! दमली नाहीस?"

घरात कोणी नव्हतं. पातेलं वाजत होतं.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं आणि कडी घातली.