पुरेसा साठा

३ जानेवारी. सकाळ.
नवी डायरी. शाळेत सिस्टर म्हणायच्या, रोज पाच ओळी खऱ्या लिहा, अक्षर सुधारतं. अक्षर तेव्हाच सुधारलं. ओळी राहिल्या.
ऑफिसात माझं टेबल खिडकीजवळ हलवलंय. दारावर पाटी: ऊर्जा देखरेख कक्ष. राज्यात गॅस कुठे कमी पडतो, कोण ठरलेल्या दराच्या वर पैसे घेतो, यावर आता माझी नजर. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे. रिटायर व्हायला आलेल्या बाईला कोण एवढं म्हणतं?
संकल्प: सरकारला जो नियम, तोच घराला.

५ जानेवारी.
पद्धत मीच बसवली. यादीतल्या घरांना दर आठवड्याला फोन. ऑपरेटर मुलगी तीन प्रश्न वाचते. सिलिंडर आहे का? ठरलेल्या दराने मिळाला का? साठा पुरेसा आहे का? जे फोन उचलतील त्यांचाच टक्का काढायचा. जे उचलत नाहीत त्यांची तक्रार नाही.
लाइन तपासायला पहिला नंबर आमच्या घरचा टाकलाय. कोणाचा ते मुलीला सांगितलं नाही, उगाच दडपण नको. नंतर काढून टाकेन.

९ जानेवारी.
घरचा सिलिंडर हलका लागतोय. हे म्हणाले, सिलिंडरवाला वरचे पैसे मागतो, देऊन टाकू. मी म्हटलं, देखरेख कक्षाच्या प्रमुखाच्या घरी वरचे पैसे? हे म्हणाले, मग प्रमुखाच्या घरी चहा कशावर करायचा, फायलींवर? रिटायर झाल्यापासून यांची जीभ फार चुरूचुरू चालते.
सिलिंडरवाल्याला मी खिडकीतूनच सरकारी दर सांगितला. तो म्हणाला, मावशी, त्या दराने कुठे मिळाला तर माझ्यासाठीही एक आणा. आणि गाडी पुढे नेली. माणूस उर्मट. दर मात्र योग्यच आहे.

१५ जानेवारी.
पहिली पाहणी. लोकांना वाटतं बँकेतून कर्ज विकायला फोन आलाय. कट करतात. एकाच घराने उचलला. आमच्या.
यांनी सगळं सांगितलं. गॅस संपत आलाय, वरचे पैसे मागतात, बायको देऊ देत नाही. मुलीने तसंच टाइप करून आणलं: टंचाई शंभर टक्के. तिला समजावलं, ही घरगुती कुरबुर आहे, याला आकडा म्हणत नाहीत. रद्द केलं.
संध्याकाळी यांनाही समजावलं. मधे मधे खोकत सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बरं, पुढच्या वेळी काय म्हणू?
समजूतदार माणूस. मी फार नशीबवान.

२२ जानेवारी.
पुरेसा साठा, शंभर टक्के! साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. साठा एवढा पुरेसा असल्यामुळे आमच्या भागाचा जादा गॅस दुसरीकडे वळवला. शिफारस माझी.

२३ जानेवारी.
सिलिंडर संपला. बटाटे अर्धे कच्चे. दोघांनीही खाल्ले.
डॉक्टरांनी यांना दोन वेळा वाफ घ्यायला सांगितलीय. विजेची किटली लावली, फ्यूज उडाला. पुन्हा लावली, पुन्हा उडाला. जुनं वायरिंग. अंधारातून हे म्हणाले, विजेवरही तुझीच देखरेख का गं?

२७ जानेवारी.
माळ्यावरून रॉकेलचा स्टोव्ह काढला. पहिल्या बिऱ्हाडात हाच होता. हे पिन मारायचे, पंप मारायचे, आणि निळी ज्योत धरली की मला हाक मारायचे. जणू विस्तवाचा शोध यांनीच लावला. मी पदराला हात पुसत धावत जायचे. रोज. रोज त्यात काय बघण्यासारखं होतं, आता आठवत नाही. पण जायचे.
आज यांनी तो घासूनपुसून लख्ख केला. रॉकेल मिळत नाही. मागच्या वर्षी बंद झालं. निर्णय आमच्याच विभागाचा, आणि योग्यच होता.
स्टोव्ह टेबलावर छान दिसतो.

३० जानेवारी.
वन्सं टॅक्सी घेऊन आल्या. म्हणाल्या, वहिनी, दादाला नेते. छातीत घरघर ऐकू येत नाही का तुम्हाला? माझ्याकडे दोन सिलिंडर आहेत. जास्त पैसे मोजून घेतलेत, हवं तर पकडा मला.
पकडलं नाही. नात्यात शोभत नाही.
यांनी मफलर घेतला, औषधं घेतली. दारात थांबून म्हणाले, फोन वाजला तर उचल हं. त्यांना दुसरं कोणी नाही.
हवापालट. चार दिवसांत येतील.

५ फेब्रुवारी.
आले नाहीत. फोनवर आवाज मोकळा वाटला. खोकला कमी आहे. म्हणाले, तूही ये ना, इथे गरम पाणी आहे. पण वरच्या पैशांवर उकळलेला चहा माझ्या पदाला शोभणार नाही. तसं सांगितलं. यांनी पुन्हा आग्रह केला नाही. म्हणाले, जप.
या आठवड्यात पाहणीत एकही उत्तर नाही. आमचं घरही उचलत नाही. मुलगी विचारत होती, मॅडम, काय लिहू? साहेब म्हणाले, आकडाच नसेल तर कक्ष कशाला हवा?
संकल्प: एजन्सीत स्वतः जायचं, ठरलेल्या दराने सिलिंडर आणायचा, आणि यांना घरी आणायचं.

८ फेब्रुवारी.
एजन्सीचं शटर बंद. खडूने लिहिलंय, माल नाही. शेजारी आमचं परिपत्रक चिकटवलेलं: साठा पुरेसा आहे, नागरिकांनी घाबरू नये. खाली माझी सही.
सही सुंदर आलीय.

१२ फेब्रुवारी. दुपार.
रजा. ताप. माझं पांघरूण, वर यांचं पांघरूण. पाय गारठून बधिर; आहेत असं मानून चाललेय.
फोन वाजला. वाटलं, हे. अनवाणीच धावले.
ऑपरेटर मुलगी होती. घसा बसलाय, तिने ओळखलं नाही. तिन्ही प्रश्न मी शिकवले तसे सावकाश वाचले. सिलिंडर आहे. ठरलेल्या दराने मिळाला. साठा पुरेसा आहे.
मग तिने तीन प्रश्नांत नसलेलं विचारलं. आजी, ते आजोबा कुठे गेले? फार गोड बोलायचे. खोकत होते, बरे आहेत ना?
म्हटलं, बरे आहेत.
ती म्हणाली, तुम्ही फोन उचललात, बरं झालं हो. आमच्या मॅडम फार काळजीत असतात.
मी म्हटलं, त्यांना सांग, काळजी करू नका.
रिसीव्हर ठेवला. बिस्किट गार पाण्यात बुडवून खाल्लं. या आठवड्याचा आकडा, शंभर टक्के.