सिराजची बाजू

अबकैक, सौदी अरेबिया, ८ ऑगस्ट १९९८

चि. दर्शनास केरूकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू वकिली शिकतेस, म्हणून वहिनींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, आधी तुलाच लिहितोय. माझ्या खोलीतला सिराजुद्दीन, आपल्या शेजारच्या गावचा वेल्डर, त्याला पोलिसांनी नेलं. इथे सौदी माणसं भरायचा हुकूम आलाय. सिराजला सरळ घरी पाठवायचं सोडून त्याचे पैसे बुडवायला आमच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा आहे त्या मालकाने, तो पळाल्याची तक्रार दिली. पळाला कसला! त्या दिवशी मी वर वायर ओढत होतो आणि तो खाली वेल्डिंग करत होता. कॅम्पात सगळे म्हणतात, गप्प बस, नाहीतर तुझाही इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल. तुला काय वाटतं? आणि हॉस्टेलवर उपाशी राहून अभ्यास करू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
केरूकाका

रत्नागिरी, २५ ऑगस्ट १९९८

ती. केरूकाकांस दर्शनाचा सा. न. वि. वि.

उपाशी कसली, चांगली जाडी झालेय!

काका, नुकताच आम्हाला मॅग्ना कार्टा शिकवला. १२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाकडून सरदारांनी सनद घेतली: कायदेशीर निवाड्याशिवाय स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही; न्याय विकायचा, नाकारायचा, लांबवायचा नाही. मी बाईंना विचारलं, जमिनीला बांधलेल्या कुळांचं काय? त्या म्हणाल्या, ती त्यात नव्हतीच. पण शब्द एकदा लिहिले गेले, आणि पुढे शेकडो वर्षं लोक ते आम्हालाही लावा म्हणून भांडले. कैद्याला कोर्टापुढे हजर करा, ही मागणीही पुढे त्याच शब्दांच्या आधाराने केली गेली. आज आपल्या घटनेत हे हक्क आहेत.

तिथे आपली घटना चालत नाही, ठाऊक आहे. पण लेबर ऑफिस आहे ना? सिराजभाईंची बाजू ऐका, एवढं तरी मागता येईल. धोका तुमचा आहे, म्हणून जा असं मी म्हणणार नाही. नाही गेलात तरी तुम्ही माझे काकाच.

लोभ आहे तसाच असू द्या.
दर्शना

अबकैक, १४ नोव्हेंबर १९९८

चि. दर्शनास आशीर्वाद.

गेलो. आधी दारातूनच परत पाठवलं, मग नंतर या म्हणाले. पुन्हा गेलो आणि साहेबाला सांगितलं, सिराजला समोर आणा, कफीललाही बोलवा, माझी साक्ष घ्या, मग काय ते ठरवा. दुभाषा हळूच म्हणाला, एवढं बोलू नकोस. मी म्हटलं, जसंच्या तसं सांग.

साहेबाने दोघांना समोरासमोर बसवलं. कफीलला त्या दिवसाचं काही सांगता येईना. तक्रार रद्द झाली. नोकरी गेलीच, पण सिराज डाग न लागता घरी गेला.

माझा इकामा आता वाढणार नाही, तसं कफीलने तोंडावर सांगितलंय. वहिनींना म्हणावं काळजी नको, वायरिंगची कामं गावातही मिळतील.

काल कॅम्पातले तिघे विचारत होते, लेबर ऑफिसला कसं जायचं. निघायच्या आधी त्यांना स्वतः घेऊन जाणार आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
केरूकाका