कंट्रोल मागच्या खोलीत

३ फेब्रुवारी २००३, सोमवार
काल आमच्या तेरहून तामलवाडीला जाऊन मुलगी बघून आलो. सोनाली. डी.एड. झालेली. चहात साखर बरोबर. तिनं एकदाच मान वर करून बघितलं. माझ्याकडंच. शेजारी आमचा धाकटा मल्लिनाथ बसला होता, पण नजरेचा अँगल मी नीट मोजला आहे. होकार असला तर आठ-दहा दिवसांत फोन करू, म्हणाले. म्हणजे जमलंच.
संकल्प: रोज रोजनिशी. रोज बारा सूर्यनमस्कार.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सायं. ६.१०
सूर्यनमस्कार नाहीत. मूड नव्हता. कारण मल्ल्या.
घरात फोन एक, मॉडेम एक. तो मॉडेम मल्ल्याच्या कॉम्प्युटरला, पुढच्या खोलीत, जिथं तो कॉम्प्युटर क्लास घेतो. तिथून भिंतीला भोक पाडून वायर मागच्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरला. याला तो शेअरिंग म्हणतो. आज सोनालीच्या पुण्याच्या मामांना माझा फोटो मेल करत होतो. पस्तीस मिनिटं झाली. थोडासाच राहिला होता आणि यानं कनेक्शन तोडलं. का, तर दोस्ताला फोन करायचा होता. वर म्हणतो, "दादा, तुझा फोटू न गेलेलाच बरा."
सूड घेतला जाईल. नाव शांतलिंग आहे म्हणून लोक गृहीत धरतात.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.४०
मल्ल्या अंघोळीला गेला तेवढ्यात त्याच्या कॉम्प्युटरवर बसलो. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो: इतरांना हे कनेक्शन कंट्रोल करू द्यायचं का? टिक केली. मॉडेमची किरकिर म्यूट केली. आता मागच्या खोलीतून एक क्लिक, लाइन चालू. एक क्लिक, बंद. नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.
हायस्कूलला रजा टाकली. कारण: पित्त.

दुपारी ३
तीन वेळा त्याचं चॅटिंग तोडलं. मल्ल्या मॉडेमला थापडा मारतोय. चौथ्या वेळी त्यानं मॉडेमला उदबत्ती ओवाळली. उदबत्ती विझेपर्यंत थांबलो, मग तोडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तोडण्यात दम नाही. तो परत जोडतो. खरा सूड उलटा: जोडून ठेवायचं. इंटरनेट चालू असेपर्यंत बाहेरचा फोन लागत नाही. क्लासच्या पाटीवर घरचाच नंबर आहे. लाइन दिवसभर अडवली की ॲडमिशनचे फोन बंद. सकाळी आठ ते रात्री आठ. रजा वाढवली. पित्त वाढलं.
तामलवाडीचा विचार केलेला आहे. मी बिनडोक नाही. ती सोमवार पाळणारी माणसं, शुभ बोलणं सोमवारीच करणार. सोमवारी लाइन मोकळी सोडायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सुडात किरकोळ दोष निघाला. इंटरनेट दिवसभर चालू असल्यामुळं मल्ल्या दिवसभर चॅटिंग करतो. फोन येत नाहीत याची त्याला फिकीर नाही. आईला म्हणाला, "टेलिफोनवाले लई सुदारले गं." माझ्या जिवावर!
आप्पांनी विचारलं, "दार लावून दिसभर काय करतूस रं?" म्हणालो, महत्त्वाचं काम चाललंय, लवकरच कळेल तुम्हाला. आप्पा हसले. आप्पा सहसा हसत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
मल्ल्याचा दोस्त शंभू येडशीहून मोटारसायकलवर आला आणि दारातूनच ओरडला, "फोन हाय का काय हाय? कवा बी लावा, एंगेजच!" कानाला गोड लागलं. सूड पोचू लागला.
सूर्यनमस्कार सोमवारपासून.

१० फेब्रुवारी, सोमवार
सहा वाजल्यापासून लाइन मोकळी. दाढी केली. फोनशेजारी स्टूल टाकून बसलो. दिवसभरात तीन फोन. तिन्ही मल्ल्याच्या क्लासचे. तिघांचीही ॲडमिशन झाली.
तामलवाडीचा नाही. चांगली माणसं घाई करत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार
लिहवत नाही, पण लिहितो.
आप्पा कामानं तुळजापूरला गेले होते. तिथं सोनालीचे चुलते भेटले. त्यांनी सांगितलं ते असं. होकार कळवायला गुरुवारपासून तीन दिवस गावातल्या बूथवरून फोन लावला. बूथवाला दर वेळी एकच सांगायचा: "तेरची पार्टी एंगेज हाय." चुलते इंग्रजीचे मास्तर. त्यांनी घरात अर्थ सांगितला, एंगेज म्हणजे साखरपुडा झालेला.
मग ते आप्पांना म्हणाले, "थोरल्याचं ठरलं न्हवं? म्हंजी धाकट्याची वाट मोकळी झाली. आमच्या सोनालीला मल्लिनाथ द्या."
आप्पांना वाटलं, मी दार लावून इंटरनेटवर पोरगी जमवली. त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला आणि पेढे घेऊन आले. आमच्यात दिलेला शब्द परत घेत नाहीत.
मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर लाइन कुणी अडवली तेही सांगावं लागणार, आणि मल्ल्या समोरच पेढा खात उभा. तोंड मिटलं. आईनं विचारलं, "तुझी पोरगी कुठली रं?"
म्हणालो, लांबची आहे.
वाईट वाटतंय. फार.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९
सुडाची नवी यादी. एक, चुलत्यांना डिक्शनरी पाठवणे. दोन, बूथवाल्याची तक्रार. तीन, मल्ल्याची वायर उंदरानं कुरतडल्यासारखी कापणे.
सोनालीला कुणी विचारलं का, असं आप्पांना सहज विचारलं. म्हणाले, "इचारलं की. पोरगी लगीच व्हय म्हनली."
म्हणजे नजरेचा अँगल पुन्हा मोजावा लागणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
साखरपुड्याची पत्रिका टाइप करायचं काम माझ्याकडं आलं. मराठी फॉन्ट घरात फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर. सूड म्हणून 'चि. मल्लिनाथ'चं 'चि. मल्लीनात' केलं. आप्पांनी चष्मा लावून प्रूफ वाचलं आणि दुरुस्त करायला लावलं.
या फॉन्टमध्ये कुठलं अक्षर कुठल्या बटणावर, हे मला अजून पाठ नाही. तक्ता समोर ठेवून एकेक अक्षर शोधावं लागतं. पत्ता, मुहूर्त, आपले नम्र, सगळं तसंच शोधत टाइप केलं. दीड तास गेला.
'सोनाली' तेवढं तक्ता न बघता टाइप झालं.